पीट रोझवरची मालिका पाहिल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सट्ट्यामुळे खेळातून कायमचा बाहेर काढला गेलेला अमेरिकन बेसबॉलपटू आणि मॅनेजर पीट रोझ, त्याच्यावरच्या मालिकेचा विषय निघाला की पहिली दहा मिनिटं मालिकेबद्दल बोलणं होतं. मग गाडी माणसावर येते आणि आवाज चढतात. बेसबॉल जन्मात न पाहिलेली माणसंसुद्धा तावातावाने बोलू लागतात, कारण सट्टा, खोटं बोलणं आणि क्षमा हे विषय कोणालाच परके नाहीत. प्रश्न साधारण तेच तेच असतात. त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

ही नेमकी कोणती मालिका?

'चार्ली हसल अँड द मॅटर ऑफ पीट रोझ'. एचबीओची चार भागांची माहितीपट-मालिका. २४ आणि २५ जुलै २०२४ अशा सलग दोन रात्री दोन-दोन भाग दाखवले गेले. दिग्दर्शक मार्क मन्रो. कार्यकारी निर्मात्यांमध्ये जे. जे. एब्रम्स आहेत. ऐंशी ओलांडलेला पीट रोझ स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, हा मालिकेचा कणा.

प्रक्षेपणानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी रोझ गेला. प्रतिक्रिया वाचताना किंवा ऐकताना ही तारीख ध्यानात ठेवा. जुलैमध्ये ज्यांनी मालिका पाहिली, त्यांच्यासाठी तो हयात होता आणि अजून काहीतरी कबूल करू शकत होता. त्यांचा राग जास्त धारदार आहे. नंतर पाहणाऱ्यांचा सूर बराच मऊ आहे. काही जणांनी तर दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा त्यांचं मत वेगळं झालं.

बेसबॉल कळत नाही. तरी पाहावी का?

जरूर पाहा. तीन गोष्टी माहीत असल्या की पुरे. चेंडू मारून फलंदाज स्वतःच्या बळावर किमान पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, सुखरूप पोचला की ती 'हिट'. नियमित हंगाम प्रत्येक संघासाठी १६२ सामन्यांचा असतो, म्हणजे जवळजवळ रोज सामना. आणि मॅनेजर हा कागदपत्रं सांभाळणारा माणूस नसतो: कोण खेळणार, चेंडूफेक करणारा पिचर कधी बदलायचा, कोणाला विश्रांती द्यायची, हे सगळं तो ठरवतो. या तिसऱ्या गोष्टीभोवतीच सगळं प्रकरण फिरतं.

तो खरंच एवढा मोठा खेळाडू होता का?

हो. आणि याबाबत त्याचे कट्टर विरोधकही वाद घालत नाहीत.

४,२५६ हिट्स. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये एवढ्या कोणाच्याच नाहीत. दर हंगामात २०० हिट्स म्हणजे फलंदाजाचं ते वर्ष उत्तम गेलं असं मानतात. अशी उत्तम वर्षं सलग २१ काढली, तरी ४,२०० वर येऊन थांबतो. सर्वाधिक सामन्यांचा विक्रमही त्याचाच, ३,५६२. मेजर लीगच्या दोन गटांपैकी राष्ट्रीय लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत तीनदा पहिला, तिथलाच १९७३ चा सर्वोत्तम खेळाडू, १९७५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू. १९७५ आणि १९७६ मध्ये सिनसिनाटी रेड्सबरोबर आणि १९८० मध्ये फिलाडेल्फिया फिलीजबरोबर विजेतेपद. १९७८ मध्ये लागोपाठ ४४ सामन्यांत हिट. निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यांसाठी १७ वेळा निवड, आणि तीही मैदानावरच्या पाच वेगवेगळ्या जागांसाठी.

पण आकड्यांपेक्षा लोकांच्या मनात बसली ती त्याची धाव. पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस आयता मिळतो, सगळे आरामात चालत जातात. रोझ तिथेही जीव तोडून पळायचा. न्यूयॉर्क यँकीज संघाच्या व्हाइटी फोर्ड आणि मिकी मँटल यांनी त्याला हिणवण्यासाठी 'चार्ली हसल' म्हटलं आणि त्याने ते नाव मिरवलं. अंगाने तो फार दांडगा नव्हता, पायाने फार वेगवान नव्हता. कष्टाच्या जोरावर इथवर आलेला माणूस म्हणून गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला आपला मानला.

या वृत्तीची दुसरी बाजूही मालिका पाहताना जाणवते. १९७० च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे ज्या सामन्याचा लीगच्या क्रमवारीशी काही संबंध नसतो अशा सामन्यात, शेवटची धाव घेताना त्याने कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) रे फॉसीला असा धडकून आडवा केला की फॉसीचा खांदा कायमचा दुखावला. कोणी त्याला जिद्द म्हणतं, कोणी निष्ठुरपणा. हे दृश्य पाहून तुम्हाला काय वाटतं, त्यावरून पुढचे भाग तुम्ही कुठल्या नजरेने पाहाल याचा अंदाज येतो.

मग घडलं काय?

१९८४ च्या ऑगस्टमध्ये रोझ खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने सिनसिनाटीला परतला. १९८९ च्या सुरुवातीला लीगकडे तक्रारी आल्या की तो बेसबॉलवर सट्टा लावतो. कमिशनरनी, म्हणजे लीगच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, जॉन डाउड या वकिलांकडे चौकशी सोपवली. २२५ पानांचा अहवाल आला. १९८५ ते १९८७ या काळात त्याने बेसबॉलवर पैसे लावले, त्यात रेड्सचे सामनेही होते, असा त्याचा निष्कर्ष. एकट्या १९८७ च्या एप्रिल ते जुलै या तीन महिन्यांत रेड्सच्या ५२ सामन्यांवरचे सट्टे अहवालात आहेत. रेड्स हरण्यावर त्याने पैसे लावल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

ऑगस्ट १९८९ मध्ये रोझने कायमची बंदी मान्य करणाऱ्या करारावर सही केली. बंदी जाहीर करणारे कमिशनर बार्ट जियामाटी, येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष आणि प्रबोधनकाळाच्या साहित्याचे अभ्यासक, त्यानंतर आठच दिवसांनी हृदयविकाराने गेले. वय ५१. पुढच्या वर्षी करचुकवेगिरीच्या गुन्ह्यात रोझ पाच महिने तुरुंगात गेला. आणि १९९१ मध्ये बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेमने नियम केला की बंदी असलेल्या खेळाडूचं नाव मतपत्रिकेवरच येणार नाही.

प्रेक्षक एवढे दुभंगले का? सगळे पाहतात तर एकच मालिका.

कारण मालिका निकाल देत नाही. रोझला बोलू देते, त्याच्या विरोधकांनाही बोलू देते.

एक वर्ग म्हणतो: पस्तीस वर्षं झाली, शिक्षा भोगून झाली, म्हाताऱ्याला सन्मान द्या. खून केला नाही, सामना विकला नाही. या वर्गात त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले लोक जास्त दिसतात. दुसरा वर्ग म्हणतो: नियम लख्ख लिहिलेला होता, त्याने तो मोडला, वर पंधरा वर्षं खोटं बोलला. तिसरा वर्ग, आणि हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, म्हणतो की आम्ही त्याच्या बाजूने बसलो होतो आणि चौथा भाग संपेपर्यंत त्यानेच आम्हाला उठवलं. म्हणजे विरोधकांच्या युक्तिवादाने त्यांचं मत बदललं नाही, रोझच्या स्वतःच्या बोलण्याने बदललं. लास वेगासमध्ये टेबलामागे बसून पैसे घेऊन सह्या करणारा, तेच किस्से त्याच लयीत सांगणारा, नेमका प्रश्न आला की वळसा घालणारा माणूस त्यांना दिसला.

चौथा एक छोटा वर्ग आहे, त्याला सट्ट्याच्या वादात रसच नाही. त्यांचा आक्षेप वेगळा आणि जास्त गंभीर आहे. त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

स्वतःच्या संघाच्या विजयावरच पैसे लावले ना? मग त्यात एवढं वाईट काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. 'उलट तो जिंकायला जास्त झटत असणार' असं म्हणणारे प्रेक्षक मला शेकड्याने भेटतील याची खात्री आहे, आणि त्यांचा भाबडेपणा मला समजतो. पण हा युक्तिवाद टिकत नाही.

१६२ सामन्यांच्या हंगामात मॅनेजरचं खरं काम आजचा सामना जिंकणं एवढंच नसतं. आज कुठे थोडं सोडायचं म्हणजे उद्या आणि परवा माणसं ताजी राहतील, हे त्याला ठरवायचं असतं. पिचरचा हात हा नाजूक असतो, त्याला विश्रांती लागते. ज्या रात्री मॅनेजरचे स्वतःचे दहा हजार डॉलर अडकलेत, त्या रात्री तो सलग तिसऱ्या दिवशी आपल्या भरवशाच्या पिचरला मैदानात उतरवेल की नाही? त्या पिचरचा खांदा गेला तर त्याला कधीच कळणार नाही की निर्णय संघासाठी होता की सट्ट्यासाठी. पॅव्हेलियनमध्ये बसलेल्यालाही कळणार नाही.

आता उलट बाजू घ्या. रोज पैसे लावणाऱ्या मॅनेजरने एखाद्या दिवशी पैसे लावले नाहीत, तर बुकीला काय कळतं? आज याला आपल्याच संघाचा भरवसा नाही. न लावलेला सट्टाही बाजारात बातमी होऊन जातो. शिवाय कोण दुखावला आहे, कोण आजारी आहे, ही आतली माहिती त्याच्याकडे आहेच. आणि हरलेले पैसे साचत गेले की बुकीचं देणं होतं. देणं झालेला माणूस उद्या 'फक्त एकदा' सामना सोडायला नकार देऊ शकेल, याची हमी कोणी द्यायची?

म्हणून नियम २१(ड) मध्ये 'जिंकण्यासाठी' आणि 'हरण्यासाठी' असा फरकच केलेला नाही. ज्या सामन्याशी तुमचा संबंध नाही त्यावर पैसे लावले तर एक वर्ष बंदी, ज्याच्याशी आहे त्यावर लावले तर कायमची. हा नियम प्रत्येक क्लबहाऊसमध्ये भिंतीवर लावलेला असतो. रोझ १९६३ पासून रोज त्यावरून ये-जा करत होता.

या नियमामागे १९१९ ची वर्ल्ड सिरीज आहे. शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, तरी १९२१ मध्ये कमिशनर लँडिस यांनी सगळ्यांना कायमचं बाहेर काढलं. ती डागाळलेली सिरीज जिंकणारा संघ होता सिनसिनाटी रेड्स. सट्ट्याने खेळाचं काय होतं, हे ज्या गावाला आपल्या पहिल्या विजेतेपदापासून ठाऊक, त्याच गावात रोझ जन्मला आणि वाढला. मालिका पाहताना हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्याने माफी मागितली नाही का?

मागितली. अनेकदा, अनेक प्रकारे, आणि तिथेच प्रेक्षक अडतात.

१९८९ ते २००४ तो ठाम सांगत राहिला की मी बेसबॉलवर पैसे लावले नाहीत. जानेवारी २००४ मध्ये, पुस्तक बाजारात येण्याच्या वेळीच, कबुली आली: मॅनेजर असताना लावले. २००७ मध्ये तो म्हणाला की रेड्सवर रोज रात्री लावायचो, एवढा माझा संघावर विश्वास होता. पण खेळाडू असताना लावले नाहीत, यावर तो कायम राहिला. २०१५ मध्ये त्याच्या एका जुन्या साथीदाराच्या वहीतली पानं ईएसपीएनने उजेडात आणली. त्यात १९८६ मधले, म्हणजे तो अजून फलंदाजी करत असतानाचे सट्टे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी बंदी उठवायला नकार दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये रोझने मॅनफ्रेडना पत्र लिहून पुन्हा क्षमा मागितली.

आणि या सगळ्याच्या जोडीला, 'बेसबॉलवर सट्टा लावल्याबद्दल मला खेद आहे' असं स्वतःच्या हाताने लिहून सही केलेले चेंडू तो विकत होता.

'एकदा सरळ सॉरी म्हटला असता तर सगळं माफ झालं असतं' हे वाक्य प्रत्येक चर्चेत ऐकू येतं. मला ते पटत नाही. नियमात शिक्षा कृत्याला आहे, पश्चात्तापाला नाही. सरळ माफीने बंदी टळली नसती. माझ्या मते माफी कमिशनरची मागायची नव्हतीच. जी माणसं चौदा-पंधरा वर्षं कामाच्या ठिकाणी, घरात, शेजाऱ्यांशी त्याच्यासाठी भांडली, ज्यांनी डाउड यांना खोटारडं म्हटलं, आपल्या मुलांना सांगितलं की पीट असं करणारच नाही, त्या माणसांची मागायची होती. २००४ मध्ये त्याने कबुली दिली, आणि त्या सगळ्यांना खोटं पाडलं. मालिकेचा सगळ्यात मोलाचा भाग मला तो वाटतो, जिथे कॅमेरा रोझवरून हटून अशा चाहत्यांकडे वळतो.

सिनसिनाटीचे लोक अजूनही त्याला एवढं का मानतात? डोळ्यांवर पट्टी बांधली आहे का?

असं म्हणणं अन्यायाचं होईल.

११ सप्टेंबर १९८५ च्या रात्री रिव्हरफ्रंट स्टेडियमवर सॅन डिएगोच्या एरिक शोच्या चेंडूवर रोझने ४,१९२ वी हिट मारली आणि टाय कॉबचा सत्तावन्न वर्षं टिकलेला विक्रम मोडला. प्रेक्षक कित्येक मिनिटं थांबायला तयार नव्हते. पहिल्या बेसवर उभा राहून तो रडला. गावच्या पश्चिम भागातला, ओहायो नदीच्या काठी वाढलेला, वडिलांच्या शिस्तीत घडलेला मुलगा आपल्याच मैदानात जगात पहिला झाला, आणि ते पाहायला गाव हजर होतं. असा क्षण एखाद्या शहराला शंभर वर्षांत एकदा मिळतो. तो परत करा असं कोणी सांगू शकत नाही.

अवघड गोष्ट ही की डाउड अहवालातला सट्ट्याचा काळ सुरू होतो तो १९८५ लाच. म्हणजे त्या रात्रीच्या अश्रूंवर आणि त्या काळातल्या वहीवर एकाच माणसाचं नाव आहे. मालिकेत सिनसिनाटीकर बोलतात तेव्हा त्यातल्या काहींना हे नीट कळलेलं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि तरी ते त्याला टाकत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. प्रेम करणं आणि बंदी योग्य मानणं, दोन्ही एका माणसाला एकाच वेळी जमू शकतं.

तो मुलीबद्दलचा आरोप काय आहे? बऱ्याच प्रतिक्रियांत त्याचा उल्लेख येतो.

२०१५ मध्ये डाउड यांनी एका रेडिओ मुलाखतीत रोझच्या अल्पवयीन मुलींशी असलेल्या संबंधांबद्दल विधान केलं. रोझने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. त्या दाव्यात २०१७ मध्ये एका स्त्रीचं शपथेवरचं निवेदन आलं: १९७० च्या दशकात, आपण सोळा वर्षांच्या होण्याआधी, रोझने आपल्याशी लैंगिक संबंध सुरू केले. रोझने संबंध मान्य केला, पण ती सोळा वर्षांची असल्याची आपली समजूत होती असं सांगितलं. सोळा हे सिनसिनाटी ज्या राज्यात आहे त्या ओहायोतलं संमतीचं वय. त्या वेळी तो तिशीच्या मध्यावर होता, विवाहित होता, दोन मुलांचा बाप होता. गुन्हा दाखल झाला नाही, दावा पुढे आपसांत मिटला. फिलाडेल्फियाने त्या वर्षी ठरवलेला त्याचा सन्मान रद्द केला.

ऑगस्ट २०२२ मध्ये १९८० च्या विजेत्या संघाच्या कौतुकासाठी त्याला पुन्हा फिलाडेल्फियाला बोलावलं, तेव्हा एका महिला पत्रकाराने याबद्दल विचारलं. पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट आहे असं म्हणून त्याने तिला झटकलं, तेही 'बेब' असं संबोधून.

मालिका हा विषय टाळत नाही, पण त्याला दिलेला वेळ सट्ट्याच्या मानाने फार थोडा आहे, ही अनेक प्रेक्षकांची, विशेषतः स्त्रियांची तक्रार आहे. माझंही तेच म्हणणं आहे. 'हॉलमध्ये घ्यावं की नाही' या वादात आपण सगळे इतके गुंततो की एका मुलीच्या आयुष्याबद्दलचा प्रश्न तळटीप होऊन बसतो. मालिकेवर बोलताना निदान आपण तरी तो तळाला ढकलू नये.

आता लीगच सट्टा कंपन्यांशी करार करते. मग रोझला बाहेर ठेवणं ढोंग नाही का?

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिला. आज बेसबॉलच्या प्रक्षेपणात आणि मैदानांवर सट्टा कंपन्यांच्या जाहिराती आहेत. १ जानेवारी २०२३ ला ओहायोत सट्टा कायदेशीर झाला तेव्हा सिनसिनाटीच्या कसिनोत पहिला सट्टा लावायला खुद्द रोझला बोलावलं गेलं. त्याने रेड्सच्या विजेतेपदावर पैसे लावले.

लीगच्या वागण्यात ढोंग आहेच, आणि प्रेक्षकांचा त्यावरचा संताप रास्त आहे. पण प्रेक्षकाने कायदेशीर सट्टा लावणं आणि निर्णय घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या सामन्यावर लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट, सट्टा घराघरांत पोचल्यावर हा नियम जास्त गरजेचा झाला. जून २०२४ मध्ये, मालिकेच्या थोडं आधी, तुकुपिता मार्कानो या खेळाडूला बेसबॉलवर पैसे लावल्याबद्दल कायमचं बाहेर काढलं. त्याच सुमाराला शोहेई ओहतानी या नामवंत जपानी खेळाडूच्या दुभाष्याने सट्ट्याचं देणं भागवायला त्याच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर लांबवल्याचं कबूल केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचर्सवर ठरावीक चेंडू सट्टेबाजांच्या सोयीने टाकल्याचे आरोप ठेवले गेले, जे त्यांनी नाकारले आहेत.

स्टेरॉइड घेणाऱ्यांचं काय? ते तर फसवणूक करूनच खेळले.

त्यातले सगळ्यात गाजलेलेही हॉल ऑफ फेममध्ये गेलेले नाहीत. ७६२ होम रनवाला बॅरी बाँड्स आणि पिचर रॉजर क्लेमन्स यांची पत्रकारांच्या मतदानातली दहा वर्षं २०२२ मध्ये संपली, पुरेशी मतं मिळाली नाहीत. फरक एवढाच की त्यांची नावं मतपत्रिकेवर तरी आली.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही मालिका वेगळी दिसते का?

मला तरी दिसली. २००० सालच्या एप्रिलमध्ये मॅच-फिक्सिंगमध्ये हॅन्सी क्रोनिएचं नाव आलं तेव्हा जे शाळा-कॉलेजात होते, त्यांना १९८९ चं सिनसिनाटी समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षअखेर अझरुद्दीनवर आजन्म बंदी आली. त्याच्या मनगटी फटक्यांवर जीव टाकणाऱ्या किती घरांत त्या संध्याकाळी कोणी काही बोललं नाही. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदेशीर ठरवली, पण तोवर खेळायचं वय उलटून गेलं होतं.

२०१३ च्या आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंग प्रकरणात श्रीशांत आणि अजित चंडिला यांच्याबरोबर मुंबईच्या अंकित चव्हाणलाही अटक झाली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांना आरोपमुक्त केलं, तरी मंडळाने बंदी लगेच उठवली नाही. न्यायालय आणि खेळाची संघटना यांच्या फूटपट्ट्या वेगळ्या असतात, हे १९२१ च्या शिकागोसारखंच आपल्याकडेही घडलं. म्हणून 'कोर्टाने कुठे सट्ट्यासाठी शिक्षा दिली' हा रोझच्या बाजूचा युक्तिवाद आपल्याला फार हलवत नाही.

जाहिरातींबद्दल नाकं मुरडताना मात्र आपण सांभाळून बोलावं. २०२३ ते २०२५ भारतीय संघाच्या जर्सीवर पैसे लावून खेळायच्या फँटसी गेमचंच नाव होतं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने असे खेळ बंद झाले तेव्हा ते उतरलं.

दिग्दर्शकाने रोझला झुकतं माप दिलं का?

दोन्ही बाजूंचे लोक उलटसुलट आरोप करतात. माझ्या मते मन्रोंनी त्याला भरपूर वेळ दिला, पण सूट दिली नाही. रोझचं एक विधान आणि त्याला छेद देणारी नोंद शेजारी ठेवून ते पुढे जातात. ज्यांना निवेदकाने ठणकावून सांगायला हवं असतं, त्यांना हे पुळचट वाटतं. मला ते धाडसाचं वाटलं.

मालिकेनंतर काय झालं? तो आता हॉल ऑफ फेममध्ये जाणार का?

१३ मे २०२५ रोजी मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. रोझ, १९१९ च्या आठांपैकी 'शूलेस' जो जॅक्सन आणि इतर दिवंगतांची, अशी एकूण १७ नावं यादीतून निघाली. त्याआधी अध्यक्ष ट्रम्प यांनी रोझच्या बाजूने उघड आग्रह धरला होता, त्यामुळे निर्णय कोणाच्या दबावाखाली झाला यावर नवा वाद पेटला. दुसऱ्याच दिवशी सिनसिनाटीत आधीपासून ठरलेली 'पीट रोझ नाइट' होती.

बंदी उठली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. त्याचा विचार जुन्या काळातल्या खेळाडूंसाठीची सोळा जणांची समिती करते, बारा मतं लागतात, आणि तिची बैठक डिसेंबर २०२७ मध्ये आहे. तोपर्यंत ही मालिका आणखी पुष्कळ लोक पाहतील.

माझं मत विचाराल, तर जिवंतपणीची बंदी योग्य होती आणि ती शेवटपर्यंत टिकली हेही योग्य झालं. हॉलच्या दारात मात्र मला सट्ट्यापेक्षा ते २०१७ चं निवेदन मोठा अडसर वाटतं, आणि समितीच्या चर्चेत त्याला जागा मिळावी असं मनापासून वाटतं.

अमेरिकेत जाणं होणार आहे. यातलं काही प्रत्यक्ष पाहता येईल का?

सिनसिनाटीत हो. रिव्हरफ्रंट स्टेडियम २००२ मध्ये पाडलं, पण शेजारच्या ग्रेट अमेरिकन बॉल पार्कबाहेर २०१७ मध्ये उभारलेला रोझचा ब्राँझचा पुतळा आहे, डोकं पुढे करून बेसकडे झेपावणारा. मैदानाजवळच्या रस्त्याचं नावच पीट रोझ वे. ४,१९२ वी हिट जिथे पडली त्या जागी गुलाब लावले आहेत, आणि तिथेच रेड्सचं स्वतःचं हॉल ऑफ फेम संग्रहालय आहे, ज्यात तो २०१६ पासून आहे. राष्ट्रीय हॉल ऑफ फेम मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊनला आहे. तिथे त्याच्या नावाची पाटी नाही, पण त्याने वापरलेल्या वस्तू संग्रहालयात मांडलेल्या आहेत. दोन्ही गावं एकमेकांपासून बरीच लांब आहेत, एका शनिवार-रविवारात जमणार नाही.